दुभाष्याची परतफेड

सात पदरांचा हार भिंतीपलीकडच्या यंत्रातून कापून निघाला, तेव्हा तो एखाद्या खिलार बैलाच्या गळ्यात शोभेल एवढा झाला होता. मुकुटाची गत त्याहून वाईट. त्याचे तुरे आतल्या आत वळून त्याची चक्क चकली झाली होती. तृप्तीने दोन्ही पुठ्ठे उजेडात धरून पाहिले आणि फोन उचलला.

"ताई, बोरन्हाण बाळाचंच आहे ना?"

"म्हणजे?" पलीकडून वृषालीताईंनी विचारलं.

"नाही, मापं बघून शंका आली."

वृषालीताई हसल्या, पण मनातून चरकल्या. २०४३ सालचा मार्गशीर्ष सुरू झाला होता. संक्रांतीच्या ऑर्डरी येऊन पडल्या होत्या आणि दोघींचे संगणक एकमेकांचं ऐकायला तयार नव्हते.

साताऱ्याच्या शाहूपुरीत खैरमोडे बंधूंचा जोडबंगला आहे. मधे एकच भिंत, अलीकडे थोरल्याचं घर, पलीकडे धाकट्याचं. दोन्ही स्वयंपाकघरं त्याच भिंतीला पाठ लावून आहेत, पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर पुढच्या फाटकातून बाहेर पडून वळसा घालावा लागतो. वृषालीताई थोरली जाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. तृप्ती धाकटी, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. दोघी मिळून हलव्याचे दागिने करत. ताई संगणकावर नक्षी काढत, ती फाइल तृप्तीच्या संगणकाकडे जाई, त्याला जोडलेलं छोटं यंत्र पुठ्ठा कापून देई आणि तृप्ती त्या पुठ्ठ्यावर काटेरी हलवा चिकटवून, ओवून असे दागिने करी की नव्या नवरीने काळ्या साडीवर ते घातले की सासरची माणसं तिच्याऐवजी दागिन्यांकडेच बघत बसत.

दसऱ्याला तृप्तीचा जुना संगणक बंद पडला आणि नवा आला. ताईंचा मात्र जुनाच राहिला. त्यातली कार्यप्रणाली कितीतरी आवृत्त्या मागे होती, पण त्यांच्या हाताला तिची सवय होती आणि ती बदलायचं नाव काढलं की त्या विषय बदलत.

आता, फाइल एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिची चकली का व्हावी, हे थोडं सांगायला हवं. पूर्वी फाइल कुठेही उघडा, तीच दिसायची. पुढे संगणक मालकाचा हात ओळखायला शिकले. रोज तीच वेलबुट्टी काढणाऱ्या बाईची वेलबुट्टी पुन्हा पुन्हा अख्खी कशाला साठवायची? मग संगणक फक्त फरक लिहून ठेवू लागले. आपण वाण्याच्या दुकानात जाऊन 'नेहमीचं द्या' म्हणतो आणि तो बरोबर तेच तांदूळ, तोच चहा बांधून देतो, तसं. जागा वाचली, वेग वाढला, सगळे खूश. पण 'नेहमीचं' ही चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच वाण्याकडे गेलात तर तो त्याच्या मनाने काय बांधेल याचा भरवसा नाही. ताईंच्या फाइलीत लिहिलेलं असायचं, नेहमीचा पदर, जरा आखूड. तृप्तीच्या नव्या आवृत्तीचं नेहमीचं वेगळंच होतं. तिने बैलाचा हार बांधून दिला.

ताईंना चरकायला आणखी एक कारण होतं आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. ही त्यांची साताऱ्यातली शेवटची संक्रांत होती. पुण्यात निनादने, त्यांच्या मुलाने, स्वतःच्या घराखालच्याच मजल्यावर त्यांच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवला होता आणि त्यांनी हो म्हटलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, श्रीकांत, गेले. तेव्हापासून या घरात संध्याकाळ झाली की ती कशी ढकलायची हा प्रश्न पडायचा. तृप्तीशी भांडण असं काही नव्हतं. पण पूर्वी दोन भाऊ होते तेव्हा दोन घरं मिळून एकच होतं, आणि आता कामाचं बोलणं झालं की तृप्ती फोन ठेवून द्यायची. आपण तिच्यावर ओझं आहोत, कामापुरतं सांभाळून घेते बिचारी, असं ताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जायचंय हे तिला सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. संक्रांत होऊ दे, मग सांगू, असं म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं होतं.

मिलिंदभाऊजींनी, म्हणजे तृप्तीच्या नवऱ्याने, दोनच दिवसांत तोडगा आणला. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तारा आणि डबे म्हटलं की त्यांना चेव यायचा. त्यांनी साबणाच्या डबीएवढी एक वस्तू टेबलावर ठेवली.

"वहिनी, हा दुभाषा. नवीनच निघालाय. तुमच्या संगणकाला हात लावायचा नाही, तृप्तीच्याही नाही. हा मधे बसतो."

"आणि करतो काय?"

"ओळख करून देतो. एकमेकांची भाषा न येणारे दोन व्यापारी कसा सौदा करतात, तसं. तुमच्याकडची एक रेघ घेणार, तिकडं दाखवणार, तिकडची चुकली की परत तुमच्याकडं येणार, हीच का म्हणून विचारणार. असं हजारो वेळा. हळूहळू दोघांची मिळून एक तिसरी बोली तयार होते. ती फक्त या दोन घरांपुरती."

भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे गंमत त्यापुढे होती. नुसती भाषा कळून भागत नाही. कुणी कुणाला काय द्यायचं, न विचारता काय न्यायचं, ही प्रत्येक घरची रीत वेगळी. म्हणून दुभाषा आधी घरच्या माणसांना प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून वागायला शिकतो. तृप्तीने चहा आणला आणि दोघी जावा त्या डबीसमोर मुलाखतीला बसल्यासारख्या बसल्या.

डबीने मऊ आवाजात विचारलं, "एकमेकींच्या संगणकावरचं काय पाहायचं नाही?"

आता समोर जाऊ बसलेली. अशा वेळी कुठली बाई यादी सांगत बसेल?

"ताईंपासून काय लपवायचंय मला," तृप्ती म्हणाली. "बँकेचं तेवढं सोडून द्या."

"माझंही तसंच," ताई घाईने म्हणाल्या. "बँकेचं आणि दवाखान्याचं सोडून. आमच्यात कसली लपवाछपवी."

"एकीने दुसरीकडून काही घेतलं, तर परत करताना काय करता?"

"म्हणजे वाटीबिटी का?" तृप्तीला हसू आलं. "रिकामं भांडं आम्ही परत पाठवत नाही. तोलामोलाचं काहीतरी घालूनच पाठवतो. निदान साखर तरी."

"नोंद केली," डबी म्हणाली.

भाऊजीही हसले आणि चहा पिऊन विषय संपला. चूक झाली ती एवढीच. दुभाषा ज्यांनी बनवला त्यांच्या गावी भांडी रिकामीच परत जात असावीत, नाहीतर त्यांना आधीच सुचलं असतं.

दोन दिवस दुभाषा गप्प बसून शिकला. तिसऱ्या दिवशी ताईंनी बाजूबंदाची नक्षी पाठवली आणि पलीकडून तृप्तीचा फोन आला.

"ताई, अगदी बाळाच्या दंडाएवढा. पाकळ्यासुद्धा जशाच्या तशा."

त्या दुपारी ताईंच्या पडद्यावर एक नवीन चित्र दिसलं. खाली लिहिलं होतं, तृप्तीकडून. फोटो होता. अंगणात खुर्ची टाकून ताई कसलीशी नक्षी काढत बसल्या आहेत, पाठमोऱ्या, अंबाडा सुटत आलेला, आणि पाठीवर ऊन. हा कधी काढला हिने? ताई बराच वेळ बघत राहिल्या. आपण कुणाला फोटो काढावासा वाटण्यासारख्या दिसत असू, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

त्यांनी फोन करून काही विचारलं नाही. वाटीतून आलेल्या चिवड्याबद्दल कुणी फोन करून आभार मानतं का? त्यांनी दुसरी नक्षी जरा जास्त मन लावून काढली.

मग हे चालूच राहिलं. कंबरपट्टा गेला, तर तृप्तीच्या मागच्या दारी शेवग्यावर बोलणाऱ्या पाखराचा आवाज आला. नथ गेली, तर एक जुनी चित्रफीत आली. श्रीकांत गणपतीच्या आरतीला चुकीच्या ठिकाणी टाळ वाजवतायत आणि कॅमेऱ्यामागून तृप्ती हसू दाबतेय. ती बघताना ताई आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. तृप्तीला आपली एवढी काळजी आहे आणि ती या पद्धतीने, न बोलता व्यक्त करतेय, याचा त्यांना फार आनंद झाला. आनंदाला लागूनच टोचणी होती. पुण्याचं हिला कसं सांगायचं?

एकदा तृप्ती वळसा घालून स्वतःच आली, पुठ्ठ्याचे नमुने दाखवायला. जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, परवा आलं ते फार आवडलं मला. बरं वाटलं."

परवा ताईंनी तोडे पाठवले होते. "साधेच तर आहेत," त्या म्हणाल्या.

"साधंच आवडतं मला," तृप्ती म्हणाली आणि चटकन निघून गेली. तिचे डोळे जरा ओलसर दिसले, पण ती दिवसभर हलवा घोटत होती, चुलीच्या धगीने होतं असं, असं ताईंना वाटलं.

पौष लागला. सगळ्यात मोठं काम राहिलं होतं. वाईच्या एका घरी नव्या सुनेची पहिली संक्रांत होती आणि तिला नखशिखान्त दागिने हवे होते. ताईंनी त्या नक्षीवर जीव ओतला. आपल्या हातची ही शेवटची, हे डोक्यात होतं. मोराची मान त्यांनी किती वेळा पुसली असेल देव जाणे. दुपारी त्यांनी ती फाइल पाठवली, चष्मा काढून डोळे चोळले, आणि चष्मा परत लावला तर पडद्यावर काहीतरी येऊन थांबलं होतं.

तो नकाशा होता. तृप्तीला चित्रकलेचं अंग नाही, रेघा हललेल्या, पण ताईंनी घर लगेच ओळखलं. हे माझं स्वयंपाकघर. हा माझा ओटा, ही मांडणी. हे पलीकडे तृप्तीचं. आणि मधल्या भिंतीत, जिथे दोन्हीकडे कपाटाशेजारी रिकामी जागा आहे, तिथे एक दार. दारासमोर उंबरा. उंबऱ्याच्या अलीकडे एक खुर्ची आणि तिच्यावर लिहिलेलं, ताई. पलीकडे दुसरी खुर्ची आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

फाइल पहिल्यांदा केली ती तारीख कोपऱ्यात होती. श्रीकांत गेले त्यानंतरच्याच महिन्यातली.

ही बाई मला दार मागतेय. कामाला धावत येणारी, बोलून झाल्यावर फोन ठेवणारी ही बाई तीन वर्षं मनात दार घेऊन बसलीय, आणि आज कुठे तिला पाठवायचा धीर झाला. आणि मी? मी पुण्याला फ्लॅट बघून बसलेय. आता गप्प राहणं म्हणजे निव्वळ फसवणूक होती. त्यांनी चपला घातल्या, फाटकातून वळसा घातला आणि दिराच्या घरात शिरल्या.

तृप्ती हलव्याची परात पुढ्यात घेऊन बसली होती. भाऊजी पेपर वाचत होते.

"तृप्ती, तू पाठवलेला नकाशा मिळाला," ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "मला त्यावर तुझ्याशी बोलायचंय."

तृप्तीचा हात परातीतच राहिला. "कुठला नकाशा?"

"दाराचा."

तिचा चेहरा असा झाला की ताईंना तिची दया आली. "मी नाही पाठवला," ती म्हणाली. "मी कुणाला दाखवलेला नाही तो. यांनासुद्धा नाही."

"मग तो फोटो? पाखराचा आवाज? आरती?"

"मी फक्त पुठ्ठे कापले ताई आणि झालेल्या दागिन्यांचे फोटो पाठवले. दुसरं काही पाठवलंच नाही."

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. संगणकाशी जाऊन ते काही वेळ दुभाष्याशी पुटपुटत बसले आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"हा रिकामं भांडं परत पाठवत नाहीये," ते म्हणाले. "तृप्ती, तूच सांगितलंस त्याला. इकडून तिकडं काही गेलं की तोलामोलाचं काहीतरी शोधून तो परत घालतो. बँकेचं सोडून सगळं मोकळंच होतं त्याला."

"तोलामोल त्याला काय कळतंय?" ताईंनी विचारलं.

"संगणकाला ठाऊक असतं ना वहिनी. कुठली फाइल तुम्ही कितीदा उघडली, किती वेळ बघत बसलात, किती वेळा मिटवून परत केली. त्यावरून तो वजन काढतो. तुमचा मोर जड निघाला असणार. त्याच्या तोडीचं हिच्याकडं बहुधा एवढंच होतं."

तृप्तीने मान खाली घातली. तिने तो नकाशा किती वेळा उघडला असेल, ते आता सगळ्यांना कळलं होतं. मग ताईंच्या डोक्यात दुसरा विचार आला आणि त्यांना एकदम बसावंसं वाटलं. देणंघेणं एकाच बाजूने थोडंच होतं. तृप्ती तयार दागिन्यांचे फोटो त्यांना दाखवायला पाठवत असे. ते घेतल्यावर त्यांचा संगणकही काही ना काही परत पाठवत असणार. आणि या वर्षी त्यांनी वारंवार उघडून बघितलेली फाइल एकच होती.

"माझ्याकडून तुला काय काय आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमची शाळेतल्या फळ्यावरची चित्रं आली," तृप्ती परातीकडे बघत म्हणाली. "श्रीकांतभावजींचा आवाज आला, तुम्हाला बाजारातून कोथिंबीर आणायला सांगतानाचा. तो मी फार वेळा ऐकला. आणि तोडे आले त्या दिवशी पुण्याचा फ्लॅट आला."

ताई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"सगळं होतं त्यात," तृप्ती म्हणाली. "देवघर कुठं ठेवायचं, तुमचा पलंग कुठं, ते तुम्ही आखून ठेवलेलं. मला वाटलं, ताईंना तोंडाने सांगणं जड जातंय म्हणून असं कळवलं. सांगितलं तर खरं, लपवून तर नाही गेल्या. म्हणून म्हटलं, आवडलं, बरं वाटलं."

"तुला आवडलं? मी जाणार ते?"

"जाणार ते नाही. मला कळवलंत ते." तिने डोळे पुसले. "तुम्हाला थांबा कसं म्हणायचं? निनाद तुमचा मुलगा. मी कोण थांबवणारी? भावजी गेल्यावर वाटायचं, रोज येऊन बसावं तुमच्यापाशी. मग वाटायचं, ताई एकट्या बसल्यात, त्यांना शांतता हवी असेल. फोनवर जास्त बोलले तर रडू येईल म्हणून ठेवून द्यायचे."

ताईंनी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं, समोर आहे ते काढा, मनात आहे ते नाही. आणि त्यांनी स्वतः तीन वर्षं मनातलीच तृप्ती काढली होती. शेजारच्या घरात जी खरी बसलेली होती तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की तो राग टिकेना.

भाऊजींनी खाकरून घसा साफ केला. "ही रीत मी त्याच्यातून काढून टाकतो. नुसत्या फाइली नेईल आणेल."

"काढू नका," ताई म्हणाल्या. "पाठवायच्या आधी विचारायला सांगा फक्त. काही झालं तरी माणसाने विचारून पाठवावं."

"आणि मीही," तृप्ती पुटपुटली, "विचारत जाईन, तुम्हाला काय हवं नको ते."

ताई उठून पडद्याशी गेल्या. नकाशा तिथे भाऊजींनी उघडलेलाच होता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि शाळेतल्या वह्या तपासायच्या तशा तो तपासला. भिंत, चौकट, उंबरा. बोट एका जागी थांबलं.

"तृप्ती, हे दार उघडतं कुठल्या बाजूला?"

"अं?"

"दार काढलंस. ते कुणीकडं उघडतं ते दाखवायला हवं ना. नुसत्या चौकटीवरून सुतार काय करेल?"

तृप्ती ओले हात पदराला पुसत जवळ आली. "मला नाही कळत त्यातलं."

"तुझ्याकडं उघडलं तर तुझ्या कपाटावर आपटेल. माझ्याकडं उघडू दे. माझी ती बाजू मोकळीच आहे." त्यांनी पडद्यावर बोटाने एक कमान ओढली, दार फिरेल तेवढी. ती त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात फिरली. कमान अगदी त्यांच्या खुर्चीला घासून गेली, तेव्हा त्यांनी नकाशातली ती खुर्ची बोटानेच उचलून जरा मागे ठेवली.

"आणि निनाद?" तृप्तीने विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता.

"त्याला मी आजच सांगते. रागावेल चार दिवस. मग मुलांना घेऊन येईल आणि दोन्ही घरांतून धुडगूस घालेल." हे बोलताना ताईंना थोडी भीती वाटली, कारण निनादने खरोखर प्रेमाने सगळं केलं होतं. पण आपल्याला काय हवंय हे इतकं स्वच्छ त्यांना कित्येक दिवसांत कळलं नव्हतं.

भाऊजी तोवर भिंतीजवळ जाऊन बोटांनी टकटक करून बघत होते. "वर लिंटेलचा आडवा पट्टा टाकला की काही होत नाही भिंतीला," ते म्हणाले. "गवंडी कधी बोलवू?"

"संक्रांत होऊ द्या," तृप्ती लगेच म्हणाली. "धूळ उडेल, सगळा हलवा खराब होईल."

"हलवा माझ्या पुढच्या खोलीत हलवू," वृषालीताई म्हणाल्या. "परात उचल तू, डबे मी घेते. भाऊजी, गवंड्याला उद्या सकाळीच बोलवा."